तेच तेच मोजणाऱ्यालाही पीएचडी द्या

समुद्रावर पीएचडी करणाऱ्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला, मग विषय पाण्याचं रसायन असो, तळाचा गाळ असो की पाण्यातले जीवाणू, एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. प्रपोजलच्या वेळी एकदा, मधल्या रिव्ह्यूला एकदा आणि व्हायवाला तर हटकून. "यात नवीन काय?"

प्रश्नात तसं वावगं काही नाही, संशोधन म्हणजे काहीतरी नवीन हवंच. पण समुद्राच्या बाबतीत हा एकच प्रश्न वर्षानुवर्षं विचारत राहिल्यामुळे आपण भलत्याच कामाला शाबासकी देतोय, आणि ज्या कामावाचून सगळ्यांचंच घोडं अडतं ते करणाऱ्याला मात्र "अहो हे तर रूटीन आहे" म्हणून कटवतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच जागी, एकाच पद्धतीनं, वर्षानुवर्षं काटेकोर मोजत राहणं, काढलेला गाळ नीट जपणं, एखादा हट्टी जीवाणू वाढेपर्यंत त्याच्या मागे लागणं, दोन लॅबचे आकडे का जुळत नाहीत ते शोधणं, या सगळ्याला थिसिसमध्ये पूर्ण मान मिळाला पाहिजे आणि ग्रांट देणाऱ्यांनी त्याला तीन वर्षांचं प्रोजेक्ट न समजता कायमची सोय समजलं पाहिजे. एवढंच म्हणायचंय, पण ते लोकांच्या गळी उतरत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचंच घ्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो आणि त्यामुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) हळूहळू उतरतोय, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. पण उतरतोय म्हणजे किती, तर खुल्या समुद्रात वरच्या थरात वर्षाला साधारण 0.002. आता उन्हाळा-हिवाळा बदलला की त्याच जागी पीएच याच्या कितीतरी पट वरखाली होतो, म्हणजे तुम्ही तीन वर्षं अगदी जीव ओतून मोजलंत तरी हातात येतं ते ऋतूंचं झुलणं, खालचा उतार दिसतच नाही. तो दिसायला दहा-पंधरा वर्षं सलग मोजावं लागतं. हवाईजवळ स्टेशन अलोहा नावाची एक जागा आहे (जागा म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, बाकी चोहीकडे पाणीच) आणि बर्म्युडाजवळ तशीच दुसरी, दोन्हीकडे 1988 पासून साधारण दर महिन्याला जहाज जातं, बाटल्या खाली सोडतात, त्याच त्याच खोलीवरचं पाणी वर आणतात आणि तेच तेच मोजतात. बर्म्युडाजवळच्याच एका स्टेशनची नोंद तर 1954 पासूनची आहे. समुद्र आम्लधर्मी होतोय हे आपण आज छातीठोकपणे सांगतो ते अशा मोजक्या जागांच्या जोरावर, आणि या जागांवरचं कुठलंही एक वर्ष सुटं काढून बघितलंत तर त्यात "नवीन" म्हणावं असं काहीही सापडणार नाही.

आणि हे दुखणं आजचं नाही. चार्ल्स डेव्हिड कीलिंगनं 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, तेव्हा तो दहा लाखांत साधारण 315 भाग होता, आज 420 च्या वर गेलाय. हा माणूस समुद्रसंस्थेत काम करणारा, पुढे समुद्राच्या पाण्यातला कार्बनही त्यानं अशाच चिकाटीनं मोजला. 1964 मध्ये पैसे कापले गेले म्हणून त्याच्या नोंदीत काही महिन्यांची फट पडली, ती आजही आलेखात आहे, ती भरून काढायला आता जगातला कितीही पैसा ओतला तरी उपयोग नाही कारण 1964 ची हवा परत येत नाही. कीलिंगनं स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की ग्रांट देणाऱ्यांकडून त्याला एकदा वर्षाला दोन शोधांची हमी मागितली गेली होती. वर्षाला दोन! जगाला हवामानबदलाचा सगळ्यात भक्कम पुरावा देणाऱ्या माणसाची ही गत, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं.

भूशास्त्रवाल्यांना एका बाबतीत नशीबवान म्हणायला हवं, त्यांच्याकडे साठवून ठेवायची रीत लवकर आली. मॉरिस युइंग हा लॅमाँट या अमेरिकेतल्या भूशास्त्र संस्थेचा प्रमुख, त्याच्या जहाजांना नियमच होता, रोज एक कोअर काढायचा. जहाज जिथे असेल तिथे थांबायचं, लांबलचक पाईप तळात घुसवायचा, गाळ वर आणायचा आणि ठेवून द्यायचा. प्रश्न काय, हायपोथेसिस काय, काही नाही. आजच्या कुठल्याही कमिटीसमोर असं प्रपोजल ठेवा, पहिल्या पानावरच परत येईल. खोल समुद्रात गाळ साचतो हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढाच, म्हणजे दहा मीटरच्या कोअरमध्ये लाखो वर्षं गुंडाळलेली असतात, आणि ज्यानं तो काढला त्याला त्यातलं काय वाचता येईल हे बहुतेक वेळा माहीतच नसतं कारण वाचायची पद्धत अजून निघालेलीच नसते. 1976 मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकलटन या तिघांनी हिमयुगांचं वेळापत्रक पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी जुळतं हे दाखवून दिलं, त्यात साधारण एक लाख वर्षांचं, 40 हजारांच्या आसपासचं आणि 20 हजारांच्या आसपासचं अशी चक्रं सापडली, आणि हे सगळं आलं हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या फक्त दोन कोअरमधून. ते दोन्ही कोअर या पेपरसाठी काढलेले नव्हते, आधीच्या मोहिमांत काढून ठेवलेले होते.

कोअर लॅबमध्ये कसा हाताळतात हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नळी उभी मधोमध चिरतात आणि दोन अर्धे भाग करतात. एक अर्धा कामाचा, त्यातून लोक छोटे छोटे नमुने उचलतात, त्यात हळूहळू खळगे पडत जातात. दुसरा अर्धा ठेवणीचा. त्याचे फोटो काढतात, रंग मोजतात, स्कॅनरखालून नेतात, पण खरवडून माल सहसा घेत नाहीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, लेबल लावून, थंड खोलीतल्या रॅकवर. ब्रेमेनला, जपानमध्ये कोचीला, टेक्सासमध्ये, अशा गोदामांत शेकडो किलोमीटर भरेल इतका गाळ असा पडून आहे, आणि पुढच्या पिढीतला कुणीतरी येऊन त्याला आज कुणालाच न सुचलेला प्रश्न विचारेल म्हणूनच तो ठेवलाय. ही व्यवस्था मला विज्ञानातल्या सगळ्यात शहाण्या व्यवस्थांपैकी एक वाटते. पण ती चालवणाऱ्या क्युरेटरचं नाव पेपरमध्ये कुठे येतं? शेवटी आभारात, ते पण आठवलं तर.

जीवाणूंचं प्रकरण याहून अवघड. समुद्राच्या पाण्यातले बहुतेक जीवाणू नेहमीच्या पद्धतीनं प्लेटवर वाढतच नाहीत, मायक्रोस्कोपखाली जितके दिसतात त्याच्या एक टक्काही नाही. सार-11 नावाचा गट घ्या, समुद्रातल्या सगळ्यात मुबलक जीवाणूंपैकी एक. 1990 मध्ये सारगासो समुद्राच्या पाण्यातून त्याचा जीन सापडला, म्हणजे आहे हे कळलं, पण प्रत्यक्ष वाढवता आला 2002 मध्ये, तोही पौष्टिक माध्यम सोडून देऊन साध्या निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात, पाणी विरळ करत करत, एका खळग्यात मोजक्याच पेशी राहतील अशा बेतानं. बारा वर्षं गेली. त्याच्याही पुढचं उदाहरण जपानचं. 2006 मध्ये नानकाई खंदकातून अडीच हजार मीटर खोलीवरचा गाळ पाणबुडीनं आणला, तो मिथेनवर चालणाऱ्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये दोन हजारांहून जास्त दिवस ठेवला, मग त्यातून नळ्यांमध्ये कल्चर (म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जीव), आणि शेवटी 2020 मध्ये पेपर. आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या पेशींच्या सगळ्यात जवळच्या नात्यातला आर्किया (जीवाणूंसारखाच दिसणारा, पण वेगळ्या कुळातला एकपेशीय जीव) पहिल्यांदा लॅबमध्ये वाढला होता. त्याची संख्या दुप्पट व्हायला दोन ते साडेतीन आठवडे लागतात. दोन ते साडेतीन आठवडे! नेहमीच्या लॅबमधला ई. कोलाय हे काम वीस मिनिटांत उरकतो.

आता सांगा, चार-पाच वर्षांची फेलोशिप असलेल्या विद्यार्थ्यानं असल्या जीवाणूच्या नादी लागावं का? कुठलाही शहाणा गाईड नाहीच म्हणणार, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे. मग विद्यार्थी काय करतो, पाण्यातला सगळा डीएनए एकदम वाचून काढतो, कॉम्प्युटरवर त्याची जुळवाजुळव करतो, शंभर-दोनशे नवीन जीनोम निघतात, थिसिस होतो, पेपर होतात. हे काम वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, समुद्राविषयी आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं याच वाटेनं आलंय. पण एकूणात झालंय असं की डेटाबेस भरभरून वाहतायत, त्यातल्या बऱ्याच जीन्ससमोर "काम अज्ञात" एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते अज्ञात काम शोधायला जो जिवंत जीवाणू हातात लागतो तो वाढवणारे लोक मात्र कमी होत चाललेत. ही कला पुस्तकात नाही, एकाकडून दुसऱ्याकडे हातानं जाते, आणि मधली एक पिढी गळली की संपलं.

रसायनवाल्यांनी या बाबतीत एक मोठा धडा घेतलाय. समुद्राच्या वरच्या पाण्यातलं लोह इतकं कमी असतं की जहाजाचा गंज, तार, बाटलीची रबरी पट्टी, हातातला मोजा, कशातूनही आलेला कण नमुना खराब करतो. कित्येक दशकं जगभर लोह मोजलं जात होतं आणि ते आकडे खऱ्याच्या कैक पटींनी जास्त होते, म्हणजे लोक इमानदारीनं स्वतःचं जहाजच मोजत होते. स्वच्छ काम करायची रीत बसायला 1970-80 ची दशकं गेली, आणि मग जॉन मार्टिनला ठामपणे म्हणता आलं की दक्षिण महासागरासारख्या ठिकाणी खत (बाकीची पोषणद्रव्यं) भरपूर असून वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) कमी वाढतात ते लोहाअभावी. या शोधाची हेडलाईन सगळ्यांना माहिती असते, पण त्याच्या आधीची जी वर्षं बाटल्या अ‍ॅसिडमध्ये भिजत घालण्यात आणि ब्लँक (नमुना न घालताही येणारा आकडा) कमी करण्यात गेली त्यांना कुणी शोध म्हणत नाही. पुढे जिओट्रेसेस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमानं हे शहाणपण नियमातच घातलं: वेगवेगळ्या देशांची जहाजं काही ठराविक जागी दोघांनीही जाऊन तेच पाणी मोजायचं आणि आकडे जुळतात का ते बघायचं. जुळले तर पुढचा डेटा घ्यायचा. अगदी कंटाळवाणं काम, आणि त्यामुळेच आज तो डेटा लोक डोळे झाकून वापरतात.

हे सगळं प्राध्यापकांचं आपसातलं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं, असं वाटू शकतं. पण खोल समुद्रातल्या खाणकामाचा विषय बघा. प्रशांत महासागराच्या तळावर चार-पाच किलोमीटर खोल धातूंचे बटाट्याएवढे गोळे पसरलेत, निकेल, कोबाल्ट, मँगनीज, आणि ते उचलायला कंपन्या तयार बसल्यात. त्यातला एकेक गोळा वाढतो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. तळ ढवळला तर काय होतं हे बघायला 1989 मध्ये पेरूच्या समोरच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांनी मुद्दाम नांगर फिरवला होता, आणि 26 वर्षांनी, 2015 मध्ये परत जाऊन पाहिलं तर नांगराचे चर जसेच्या तसे दिसत होते, त्यातल्या जीवाणूंची संख्या कमी, त्यांचं कामही मंदावलेलं, आणि ते पूर्ववत व्हायला 50 वर्षं तरी जातील असा अंदाज निघाला. परवानगी द्यायची की नाही या निर्णयासाठी यापेक्षा मोलाची माहिती दुसरी नाही, आणि ती आली कशातून, तर कुणीतरी त्याच जागी परत गेलं म्हणून. 2015 मध्ये "हे तर 1989 मध्येच झालंय, यात नवीन काय?" म्हणून अर्ज फेटाळला असता तर? समुद्रात अल्कली मिसळून कार्बन जिरवायच्या ज्या योजना आता पुढे येतायत त्यांचंही तेच, जिरला किती हे सांगायला आधी तिथे किती होता आणि एरवी किती वरखाली होतो हे माहीत पाहिजे, आणि ती नोंद नसेल तर कंपनी सांगेल तो आकडा आपल्याला मान्य करावा लागेल.

आता विरोधातलं बोलतो, कारण त्यातला एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. लोक म्हणतात, विद्यार्थ्याला मोजायला बसवलं की तो वेठबिगार होतो, गाईडला फुकटचा टेक्निशियन मिळतो आणि पोराच्या पदरात पाच वर्षांनी एक एक्सेल शीट पडते. हे होतं, मी पाहिलंय, आणि "टाईम सिरीज" हा शब्द काही लॅबमध्ये मुलांना राबवून घ्यायचं गोंडस नाव झालाय हेही खरं. म्हणून माझी मागणी अर्धी मान्य करून चालणार नाही. मोजणीचा कणा पगारी, कायम नोकरीतल्या तंत्रज्ञांकडेच हवा, विद्यार्थ्यानं त्या नोंदीत आपला एक प्रश्न घेऊन यावं, काही वर्षं तिची जबाबदारी घ्यावी, आणि त्या काळातल्या डेटासेटवर त्याचं नाव पहिलं असावं, पेपरवर असतं तसं. नुसतं "मोजा" म्हणणाऱ्या गाईडला हे परवडणार नाही, आणि न परवडलेलंच बरं.

दुसरा आक्षेप रोबोटचा. आर्गो या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचे साधारण चार हजार फ्लोट्स (आपोआप मोजणारी तरंगती यंत्रं) समुद्रभर फिरतायत, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि आकडे सॅटेलाईटला देतात, मग जहाजं आणि माणसं कशाला? पण सेन्सर सरकतो हो. काही फ्लोट्स हळूहळू पाणी आहे त्याहून खारट दाखवायला लागले होते, पीएच आणि ऑक्सिजनच्या सेन्सरचंही तसंच होतं, आणि ते सरकलंय हे कळतं जहाजावरून आलेल्या बाटलीतल्या पाण्याशी ताडून बघितल्यावर. ती बाटली कशाशी ताडायची, तर प्रमाणित नमुन्याशी, आणि समुद्राच्या पाण्यातल्या कार्बनसाठी तो नमुना जगभर पुरवते प्रामुख्यानं एकच लॅब, अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रसंस्थेची. कोविडच्या काळात तिथलं काम अडलं तेव्हा अर्ध्या जगाच्या लॅबमध्ये बाटल्या पुरवून पुरवून वापरायची वेळ आली. म्हणजे एवढ्या हजारो यंत्रांच्या तळाशी आहेत काही माणसं आणि त्यांचे काटेकोर हात.

तिसरं म्हणजे विजेसारखी लखकन आलेली कल्पना. कॉलिन कॅव्हनॉ 1980 च्या सुमारास हार्वर्डला नवी विद्यार्थिनी होती, खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांजवळच्या तोंड-पोट नसलेल्या अळ्यांवर व्याख्यान चालू होतं, अळीच्या आत गंधकाचे खडे सापडतात असं वक्ता म्हणाला आणि हिच्या डोक्यात उजेड पडला की आत गंधकावर जगणारे जीवाणू असणार, तेच अळीला पोसत असणार. 1981 मध्ये सायन्स या नियतकालिकात पेपर. अशा पोरी हव्यातच, त्यांना कोण नाही म्हणतंय. पण ती कल्पना सिद्ध करायला जी अळी लागली ती कुणीतरी नीट जतन करून संग्रहालयात ठेवली होती म्हणून मिळाली. 1977 मध्ये हे झरे पहिल्यांदा सापडले तेव्हा जहाजावर सगळे भूशास्त्र आणि रसायनवाले, जीवशास्त्रज्ञ एकही नाही, प्राणी टिकवायला पुरेसं फॉर्मालिन नाही म्हणून काही नमुने व्होडकात ठेवले होते म्हणे. तेव्हा तिन्ही विषयांनी एकत्र जावं हे तर आहेच, त्यावर बरंच लिहून झालंय, मी परत उगाळत नाही.

राहिला दर्जाचा मुद्दा, असल्या कामाला पीएचडी दिली तर पदवी स्वस्त होईल म्हणणारे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जहाजावर आजही कसा मोजतात बघा. बाटलीच्या तळापर्यंत नळी घालायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, पाणी दोन-तीनदा ओसंडू द्यायचं, मग मँगनीजचं क्षार आणि अल्कलीतलं आयोडाईड घालून झाकण लावून हलवायचं, तपकिरी साका बसतो, त्यावर अ‍ॅसिड, मग जेवढा ऑक्सिजन तेवढं आयोडीन सुटतं आणि ते थायोसल्फेटनं मोजायचं. पद्धत लायोश विंकलरची, 1888 ची, आणि ती त्यानं काढली डॉक्टरेटच्या कामात. त्या पद्धतीनं दशकानुदशकं गोळा झालेल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा 2017 मध्ये कळलं की 1960 पासून महासागरांनी दोन टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन गमावलाय. दर्जा म्हणतात तो यालाच ना?

त्यामुळे सुरुवात पैशापासून करायची गरजच नाही, विद्यापीठाच्या नियमात दोन ओळी घातल्या तरी पुष्कळ आहे. थिसिसचं एक प्रकरण चालू नोंद पुढे नेण्याचं, पद्धत ताडून बघण्याचं, कल्चर किंवा कोअर सांभाळून इतरांना खुला करण्याचं असू शकतं, आणि परीक्षकाच्या फॉर्मवर "नवीन काय" या रकान्याशेजारी दुसरा रकाना, "यातलं काय पुढच्या माणसाला जसंच्या तसं वापरता येईल?" हा. ज्या गाईडना हे मान्य नसेल त्यांनी आपल्या जुन्या पेपरांतला दुसऱ्यानं मोजलेला डेटा वगळून काय उरतं ते एकदा मोजून सांगावं.